भाऊ कदम म्हणजे नुसती साडी नव्हे

सोमवार_साडेनऊ

काल 'वरळीचा मनोरा' यांनी लिहिलं: "ज्यांनी दूरदर्शनवर 'गजरा' पाहिला, चिमणराव पाहिले, त्यांनाही आता भाऊ कदम आवडतो म्हणे. साडी नेसायची, तोंड वेंगाडायचं, बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या. याला विनोद म्हणायचं असेल तर मराठी माणसाच्या हसण्याची पातळीच संपली." त्याखाली बऱ्याच जणांनी 'अगदी मनातलं' म्हणून माना डोलावल्या. मी दोन ओळींचं उत्तर द्यायला बसले होते. रात्रीचा दीड वाजला तरी संपेना, म्हणून हा वेगळा धागा.

पहिली गोष्ट, तो चिमणराव करणाऱ्या दिलीप प्रभावळकरांशी माझं काहीच भांडण नाही. त्यांचे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा आमच्या घरात कोणी तरी वडीलधारं असावं तसे वावरत होते. पण एकाला मोठं म्हणायचं तर दुसऱ्याला खाली ओढलंच पाहिजे, हा कुठला न्याय?

'चला हवा येऊ द्या'मधलं भाऊ कदमचं काम ज्यांनी मन लावून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की त्याचा हशा वाक्यावर येत नाही. वाक्याच्या आधी येतो. समोर त्याचा सहकलाकार कुशल बद्रिके तोंडाचा पट्टा सोडून मोकळा झालेला असतो. आता पाळी भाऊची. भाऊ गप्प. नजर आधी कुशलकडे, मग खाली जमिनीकडे, मग सावकाश समोर बसलेल्या लोकांकडे, एखाद्या मुलाला बाईंनी उभं केलंय आणि उत्तर येत नाहीये तशी. खालचा ओठ किंचित पुढे. हात पोटावर. लोक इथेच फुटायला लागतात. आणि मग त्या बारक्या, अर्धवट गिळलेल्या आवाजात कुशलच्याच वाक्यातला शेवटचा शब्द, फक्त प्रश्नासारखा उचललेला. बास, एवढंच. लिहून काढलं तर कागदावर काही उरत नाही, कारण ते कागदावर नव्हतंच.

आता मला हे इतकं का लागलं ते सांगते. 2015 साली माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. घरात बोलणं म्हणजे बाबांचंच. झटक्यानंतर उजवा हात गेला आणि शब्द अडकायला लागले. त्यांना सगळं कळायचं, पण 'चहा' म्हणायला दहा-दहा सेकंद लागायचे. वाचा-उपचारासाठी येणाऱ्या बाई आम्हाला बजावून जायच्या की त्यांची वाक्यं तुम्ही पूर्ण करू नका. आणि आम्ही नेमकं तेच करायचो. 'च' ऐकला की आई म्हणायची "चहा ना?" बाबा मान फिरवून घ्यायचे. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं.

सोमवार-मंगळवार साडेनऊला 'चला हवा येऊ द्या' लागायचं. आई लावायची, बाबा नुसते समोर बसायचे. एका रात्री भाऊ असाच थांबला होता. अख्खं सभागृह थांबलेलं. सूत्रसंचालक निलेश साबळे तोंडावर कागद धरून हसतोय. आणि बाबांनी डाव्या हाताचं बोट टीव्हीकडे करून, खूप वेळ घेऊन, दोन शब्द म्हटले: "सगळे... थांबलेत."

त्यांना काय म्हणायचं होतं ते आईला लगेच कळलं. त्या दिवसापासून तिने 'चहा ना?' म्हणणं बंद केलं. बाबा 2019 मध्ये गेले. त्याआधी चार वर्षं ते पुन्हा बोलत होते, आम्ही वाट बघायचो.

त्या माणसाला कोणी 'साडी नेसून तोंड वेंगाडणारा' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

वरळीचा मनोरा

आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं आणि आदरही वाटला. पण ताई, आपल्या घरातली गोष्ट ही आपल्या घरातली आहे. तिच्या जोरावर एखाद्याची कला सिद्ध होत नाही. बाबांना त्या काळात भजन लागलं असतं तर भजनानेही तेच काम केलं असतं.

माझा मुद्दा वेगळा होता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या चाळीत संच एकच, तोही दुसऱ्या मजल्यावर. 'गजरा' असला की खोलीत पोरं, दारात बायका, गॅलरीत पुरुष. विनायक चासकरांसारखा निर्माता, रंगभूमीवर घासून निघालेले नट, पाच-सात मिनिटांची नाटुकली. वर मागून हशा नाही, 'टुंग' करून वाजणारा सूर नाही, खुर्चीवर बसून पोट धरून हसणारे पाहुणे नाहीत. विनोद झाला की आपण हसायचं, नाही झाला की नाही हसायचं. आपल्यावर सोडलेलं असायचं ते.

आता काय होतं? नवा सिनेमा येणार, त्याची मंडळी सोफ्यावर येऊन बसणार. त्यांच्याच सिनेमाची नक्कल त्यांच्यासमोर करणार. ते न हसून सांगतात कुणाला? कॅमेरा विनोदापेक्षा त्यांच्या हसण्यावर जास्त वेळ. घरी बसलेल्याला सांगितलं जातंय, बघ, मोठी माणसं हसतायत, तूही हस. याला मी विनोद म्हणत नाही, जाहिरात म्हणतो.

आणि साडीबद्दल बोललो ते शब्द मागे घेणार नाही.

नाईट शिफ्ट

मनोराकाका, मागून हशा नको हे एकदम मान्य. पण सिनेमाच्या जाहिरातीचा राग कलाकारावर का काढता? कार्यक्रम कसा विकायचा ते वाहिनी ठरवते.

मी सात वर्षं रात्रपाळी करतोय. दोन वाजता डबा उघडला की एका मोबाइलभोवती आम्ही पाच जण. त्यातला एकही दुसऱ्याच्या गावचा नाही, जातीचा नाही, एक तर मराठीही नाही. भाऊ कदम आला की त्या बिगरमराठी पोरालाही कळतं. शब्द कळत नाहीत, पण थांबणं कळतं. धागाकर्तीने लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे.

विंगेतली

सोमवार_साडेनऊ ताई, वडिलांबद्दल वाचून मलाही गलबलून आलं. पण साडीचा मुद्दा तुम्ही शीर्षकात घेतलात आणि मजकुरात त्याला शिवलाही नाहीत. तो एवढा हलका नाही. मला त्यावर बोलायचंय.

मी बावीस वर्षं नाटक करते. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, मधल्या काळात कार्यक्रमांतून प्रहसनंही. एका गटात आम्ही तीन बायका होतो. प्रहसनात एक भांडकुदळ मावशी होती, भूमिका इतकी सुरेख की मी संहिता घरी नेऊन पाठ केली. दिग्दर्शकाने ती एका मुलाला दिली. मी विचारलं, का? म्हणाला, "तू केलंस तर ती नुसती बाई वाटेल. त्याने केलं तर हसू येईल." आणि मला काय दिलं, तर नवऱ्याला चहा आणून देणारी बायको. चार वाक्यं. त्यातली दोन म्हणजे "अहो" आणि "चहा".

बाईने केलं तर बाई, पुरुषाने केलं तर विनोद. म्हणजे विनोद कशात आहे? संवादात नाहीच. पोट सुटलेल्या, दाढीच्या हिरव्या खुणा असलेल्या माणसाने पदर सावरण्यात आहे. म्हणजे बाईपणच हास्यास्पद. आणि आमच्यातल्या जाड, सावळ्या बायका घरी बसून हे बघतात. त्यांच्यासारखं दिसणं हाच विनोद असतो.

निर्मिती सावंतला गंगूबाई करायला पुरुष लागला का? विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, या बायका तासभर हसवू शकतात. श्रेया बुगडे त्याच 'हवा येऊ द्या'त दहा पुरुषांच्या बरोबरीने उभी होती. मग साडी नेसून ती शांताबाई करायची, ती भाऊनेच का?

तळकोकणी

हे वाचून राहवलं नाही. पुरुषाने लुगडं नेसणं म्हणजे बाईची टिंगल, हे कोणत्या पुस्तकात वाचलंत ताई? आमच्या सिंधुदुर्गात दशावतारात, म्हणजे देवळातल्या जत्रेतल्या रात्रीच्या नाटकात, पिढ्यान् पिढ्या पुरुषच स्त्रीपार्ट करत आले. संहिता नाही, पाठांतर नाही. पेटारा उघडायचा, ज्याने त्याने आपला आपण रंगायचं, पखवाज-पेटी सुरू झाली की उभ्या उभ्या संवाद जुळवायचे, तेही पहाटेपर्यंत. ओमप्रकाश चव्हाणांची स्त्रीभूमिका बघून आमच्याकडच्या बायका डोळे पुसतात, हसत नाहीत.

माझे सख्खे मामा तीस वर्षं स्त्रीपार्टी आहेत. हरिश्चंद्राची तारामती उभी केली की देवळाच्या आवारात चिडीचूप. मामा म्हणतत, "लुगडां नेसल्यार चाल आपणच बदलता." नऊवारीचा काष्टा घालताना ते कुणाशी बोलत नाहीत. पिना तोंडात नाही, शेजारच्या आरशाच्या चौकटीला टोचून ठेवतात, एकेक काढून घेतात. त्या अर्ध्या तासात माझा मामा निघून जातो. मी लहानपणापासून पेटाऱ्यावर बसून बघत आलोय.

शहरात बसून नाटकं करणाऱ्यांनी आम्हाला बाईचा मान शिकवू नये. आणि बालगंधर्वांचं काय करणार? त्यांनाही काढून टाका.

विंगेतली

तळकोकणी, मी दशावताराचं नाव तरी घेतलं का? तुम्हीच आणलंत आणि तुम्हीच चिडलात.

तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे. तुमचे मामा तारामती 'उभी करतात'. बघणाऱ्याला मामा दिसत नाहीत, तारामती दिसते. बालगंधर्वांची साडी, दागिने, केसांची ठेवण बघून त्या काळच्या घरंदाज बायका तशी नटायला लागल्या. टिंगल करणाऱ्याची कोणी नक्कल करत नाही. टीव्हीवरच्या प्रहसनात उलटं असतं, तिथे आतला पुरुष सतत दिसत राहिला पाहिजे, पदर पडला पाहिजे, पोट दिसलं पाहिजे, नाही तर हसूच येत नाही. दोन्हीकडे लुगडंच आहे म्हणून गोष्ट एक होत नाही.

वरळीचा मनोरा

विंगेतली, आपण माझ्या मनातलं बोललात. मी काल नेमकं हेच म्हणत होतो.

विंगेतली

नाही काका, तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्हाला साडी 'खालच्या दर्जाची' वाटते, मला ती अन्यायाची वाटते. परवाच विजय चव्हाणांच्या 'मोरूची मावशी'बद्दल तुम्ही भरभरून लिहिलं होतंत. ते चालतं आणि हे चालत नाही, याचं कारण मला सांगा. ते तुमच्या तरुणपणी झालं एवढंच ना?

वरळीचा मनोरा

अजिबात नाही. अत्र्यांच्या त्या नाटकात सोंग घेणं हीच गोष्ट आहे. पुरुषाला बाईचं सोंग घ्यावं लागतं, पकडलं जाण्याची भीती आहे, म्हणून गंमत. सोंगाला कारण आहे. विजय चव्हाण फुगडी घालताना काय चपळाईने फिरायचे, आठवून बघा. आणि पदर पडला तर तो पकडला जाण्याच्या भीतीने सावरायचा होता, पोट दाखवायला नाही. 'हवा येऊ द्या'त सोंगाला कारणच नसतं. एक पात्र बाई आहे, ती पुरुष करतोय, का, तर असंच.

विंगेतली

हे पटलं. पहिल्यांदा तुम्ही दर्जाची पट्टी न लावता कारण दिलंत. पण मग काल असं लिहायचं होतं. 'मराठी माणसाची पातळी संपली' कशाला?

अचलपूरकर

तुम्ही सगळे साडीत अडकले. आमच्या वऱ्हाडीचं काय? 'हवा येऊ द्या'तला भरत गणेशपुरे चांगला नट हाय, आमच्याच अमरावतीकडचा हाय, मला त्याचा अभिमान हाय. पण तो तोंड उघडते आन् लोक हसतात. अजून काही बोललाच नसते बिचारा! नुसतं "काऊन बे" म्हटलं तरी हशा. म्हंजे आमची बोलीच जोक झाली का?

मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा वर्गात उत्तर द्यायला उभा राहिलो की मागून हसू यायचं. उत्तर बरोबर असे. सरही हसायचे. मी वर्षभर तोंड उघडलं नाही, मग पुणेरी बोलायला शिकलो. आजही नोकरीत तेच बोलतो. हा प्रतिसाद वऱ्हाडीत टाइप करतो आहे, हेही माझ्या हाताला जड जाते.

आमच्या बोलीत मयतीला रडतात, कापसाचा भाव पडला तर शिव्या देतात, पोरीला सासरी धाडतात. टीव्हीवर ते कधीच दिसत नाही. दिसते ते फक्त हसायले.

नाईट शिफ्ट

अचलपूरकर, मुद्दा जबरदस्त आहे, पण हा धागा भाऊ कदमचा आहे. वेगळा धागा काढा ना.

अचलपूरकर

काऊन? साडीसाठी वीस प्रतिसाद चालतात, बोलीसाठी वेगळी जागा पाह्यजे? हेच तर मी म्हणतो.

सोमवार_साडेनऊ

अचलपूरकर, इथेच लिहा. नाईट शिफ्ट, राहू द्या त्यांना.

फक्त एक बाजू सांगते. त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगतापांची पत्रं वाचायचा. ती पत्रं शेतकऱ्याची असायची, सैनिकाची, आईची, आणि साधी गावाकडची मराठी. हसून हसून लाल झालेले लोक दोन मिनिटांत डोळे पुसायचे. बोली नुसती हसवायलाच वापरली असं म्हणणं मला पूर्ण बरोबर वाटत नाही. पण वऱ्हाडीच्या वाट्याला ते आलं नाही हे तुमचं म्हणणं मला खोडता येणार नाही.

तळकोकणी

परत आलो. काल विंगेतलीताईंना उत्तर लिहायचं म्हणून मामांना फोन लावला. त्यांच्याकडून चार मुद्दे घेऊन त्यांना गप्प करायचं असं मनात होतं. मामांनी वेगळंच सांगितलं. हे मी लिहिणार नव्हतो. पण लिहिलं नाही तर खोटेपणा होईल.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका जत्रेत मामा तारामती करत होते. स्मशानातला प्रसंग. तिच्या मुलाचं, रोहिदासाचं प्रेत मांडीवर. मागच्या बाजूला कॉलेजची पोरं उभी होती, कुणी मुंबईहून सुटीला आलेली. त्यातला एक ओरडला, "ए शांताबाई!" सगळी पोरं फिदीफिदी हसली. मामांनी संवाद सोडला नाही. पण ते म्हणाले, तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मांडीवरचं मूल मूल वाटेना, आपल्या अंगावरचं लुगडं दिसायला लागलं. त्या रात्री घरी येऊन त्यांनी कुणाला हे सांगितलं नाही. मलाही काल पहिल्यांदा.

भाऊ कदमांनी हे केलं असं मी म्हणत नाही, मामाही म्हणत नाहीत. मामांना उलट भाऊ आवडतात, "ह्यो माणूस मनातून गरीब आसा" म्हणतात. पण त्या पोरांनी लुगड्यातला पुरुष आधी टीव्हीवर पाहिला होता, दशावतारात नंतर. त्यांना एकच सवय लागली होती, लुगड्यातला पुरुष म्हणजे हसायचं.

ताई, तुमचं म्हणणं मला अजून पूर्ण मान्य नाही. दिग्दर्शकाने तुम्हाला भूमिका दिली नाही हा त्याचा अन्याय, लुगड्याचा नाही. पण 'दोन्हीकडे लुगडंच आहे म्हणून गोष्ट एक होत नाही' या वाक्यावर मी चिडलो होतो, ते वाक्य मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाय बरोबर बोलता."

विंगेतली

तळकोकणी, हे लिहायला सोपं नव्हतं. तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. त्या रात्री त्यांनी संवाद सोडला नाही, मी त्यांच्या जागी असते तर सोडला असता.

सोमवार_साडेनऊ

दोन दिवस नुसती वाचत होते.

मला आता खरं बोललं पाहिजे. शांताबाईचे भाग मीसुद्धा पुढे ढकलते. बाबांच्या वेळीही आई रिमोट उचलायची. मी स्वतःला सांगत आले की कंटाळा येतो म्हणून. विंगेतलीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर कळलं की मला ते बघवत नाही. त्यात भाऊचं ते थांबणंच नसतं. साडी नेसली की त्याला घाई लागते, कारण हशा आधीच आलेला असतो, वाट बघायचं कारणच उरत नाही. म्हणजे त्याच्यातली सगळ्यात मोठी गोष्टच साडी खाऊन टाकते. या एका मुद्द्यावर मी हरले.

पण मनोराकाका, तुम्ही त्या माणसाचं सगळं काम साडीत गुंडाळून टाकलंत. हरकाम्या, दबलेला नवरा, चुकून पाटलाच्या खुर्चीत बसलेला गडी, ही त्याची कामं बघा. 'नशीबवान' चित्रपटात त्याने सफाई कामगार केला आहे, त्यात त्याला कोणी हसत नाही. आणि एक कराल का? त्याचे तीन प्रवेश आवाज बंद करून बघा. पाहुण्यांचं हसणं नाही, तुमचा तो 'टुंग' नाही. नुसता माणूस.

नाईट शिफ्ट

आवाज बंद करून मी तर रोजच बघतो, साहेब फेरीवर असतात तेव्हा. चालतं.

वरळीचा मनोरा

पाहिले. तीन नाही, पाच पाहिले. नातवाकडून मोबाइल घेतला.

तीन ठिकाणी काहीच वाटलं नाही. एका ठिकाणी साडी होती, ते पुढे ढकललं. एका ठिकाणी तो नुसता स्टुलावर बसला आहे, समोर दोघं भांडतायत आणि हा मध्ये मान इकडून तिकडे करतोय. तिसऱ्या वेळी मान अर्ध्यात थांबते, कारण भांडणारे त्याच्याविषयी बोलायला लागलेत हे त्याला आत्ता कळलं. तिथे मी हसलो. आवाज नव्हता, कोणी मला हस म्हणून सांगत नव्हतं. नातू म्हणाला, आजोबा, हसलात.

ठीक आहे. हसलो. एवढ्यावर मी त्याला प्रभावळकरांच्या पंगतीला बसवणार नाही. प्रभावळकरांचे चिमणराव बाळ कर्व्यांच्या धिप्पाड गुंड्याभाऊकडे मान वर करून बघायचे, कोटाच्या बाह्यांत हात अर्धे गेलेले, तेव्हा ते थांबणंही असंच होतं. असंच म्हणजे... तिथे चिं. वि. जोशींचं लेखन पाठीशी होतं, इथे नाही. हा फरक मला मोठा वाटतो आणि वाटत राहील.

दुसरं एक लिहितो, मग मी थांबतो. पाच प्रवेश बघून झाल्यावर नातू म्हणाला, आता तुमचा 'गजरा' दाखवा. मी शोधायला लागलो. मला जे आठवतं त्यातलं काहीही मिळालं नाही. त्या काळी टेपा महाग, एकाच टेपेवर पुन्हा पुन्हा चित्रीकरण व्हायचं असं ऐकलं होतं, ते त्या वेळी मनावर घेतलं नव्हतं. काल नातवासमोर बसून घेतलं. अर्धा तास मोबाइल हातात धरून बसलो आणि शेवटी म्हटलं, फार छान होतं रे. तो म्हणाला, बरं. आणि खेळायला गेला.

त्या दिवशी मी जे लिहिलं ते कदाचित भाऊ कदमवर नव्हतं. त्याचं सगळं काम बोटाच्या टोकावर आहे. माझ्याकडे दाखवायला काही नाही. 'पातळी संपली' हे शब्द मागे घेतो. बाकीचे नाही.

सोमवार_साडेनऊ

काका, 'गजरा'चं जे आठवतं ते लिहून काढा ना. कोण कुठे उभं होतं, खोलीत कोण कोण बसायचं, कशावर हसलात. मी टंकून देईन.

वरळीचा मनोरा

बघतो. वेळ लागेल.

अचलपूरकर

काकांनी लिहावं. आन् मी सांगितलं त्याचं काय झालं? वऱ्हाडीत एक तरी मालिका अशी सांगा जिच्यात बोलणाऱ्याला कोणी हसत नाही. मी दोन दिवसांपासून वाट पाहून राहिलो.

तळकोकणी

अचलपूरकर, मालवणीत शोधायला गेलो तर आमचंही तुमच्यासारखंच आहे. गाऱ्हाणं घातलं की हशा. तुमच्या वेगळ्या धाग्यावर मी पहिला येईन, काढाच तुम्ही.

विंगेतलीताई, कार्तिकात जत्रा सुरू होतील. मामांनी तुम्हाला बोलावलंय. येताय?

विंगेतली

येते. पण नाटक सुरू झाल्यावर समोर नाही बसणार. काष्टा घालायला बसतात तिथून बघायचंय, त्या आरशाच्या चौकटीपाशी.

तळकोकणी

तिथे मामा कुणाला बसू देत नाहीत. मला देतात कारण मी लहानपणापासून पेटाऱ्यावर आहे. विचारून सांगतो.